सुधारित आवृत्तीच्या मागावर: नेर ते झरी

पुण्यातल्या एका ई-पुस्तक वितरकाने यवतमाळ जिल्ह्यातल्या तीन कॉलेजांना फसवलं, आणि फसवताना माझं नाव वापरलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा प्रवास मी एवढ्यासाठीच केला. मजेखातर सोलापूरहून सप्टेंबरअखेर तिकडे कोणी जात नाही.

ज्यांचा ग्रंथालयाशी संबंध पुस्तक बदलून आणण्यापुरताच आला, त्यांच्यासाठी थोडं. कपाटातलं पुस्तक हातात घेता येतं, चाळता येतं. ई-पुस्तक तसं कुठेच नसतं. कॅटलॉगमध्ये त्याची एक नोंद असते. त्यात नाव, लेखक, आवृत्ती, साल, विषय असतात आणि खाली एक लिंक. वाचणारा नोंदीवर विश्वास ठेवतो आणि लिंक दाबतो. नोंद चुकली की पुस्तक हरवलं, असं आम्ही आमच्या धंद्यात म्हणायचो. त्याहून वाईट काही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

नोंदी करणं हा माझा धंदा. आई विड्या वळायची. मी एका कॉलेजात पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामाला लागले, पत्राद्वारे शिकले, आणि आता माझ्या हाताखाली तीन बायका काम करतात. मी घासाघीस करते, भांडते, लोक मला तोंडाळ म्हणतात. पण पुस्तक हातात घेऊन, आतलं पान उघडून पाहिल्याशिवाय मी नोंदीत एक अक्षर लिहीत नाही. नेर, वणी आणि झरी जामणी इथे कॉलेजं चालवणाऱ्या एका संस्थेची छापील पुस्तकं आम्ही अशीच नोंदवली होती. प्रत्येक नोंदीच्या तळाशी माझं नाव होतं.

नंतर संस्थेने त्या वितरकाकडून ई-पुस्तकं घेतली. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करून देऊ, असं त्याने लिहून दिलं होतं. मग एक दिवस नेरच्या ग्रंथपालांचा फोन आला की मॅडम, तुमच्या नोंदी बिघडल्या आहेत. माझं डोकं फिरलं. माझ्या नोंदी बिघडत नसतात, मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसले.

नेर

बडनेऱ्याला उतरून एसटी धरली. सोलापुरात मी कापसाच्या गिरण्या पाहिल्या, गिरण्यांचे भोंगे ऐकले, पण उभा कापूस पाहिला नव्हता. त्या वर्षी तर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली होती. दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती आणि मधून आमची लाल गाडी. मला ते सुंदर वाटलं. मी खिडकीशी बसून गाणंसुद्धा गुणगुणत होते, हे आता सांगायला लाज वाटते.

माझ्या पुढच्या बाकावर एक माणूस डोळ्यांवर ओलं फडकं धरून बसला होता. शेजारी बसलेली त्याची बायको दर थोड्या वेळाने बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतायची. डोळे आलेत का, मी विचारलं. बाई म्हणाली, नाही जी, फवारणी लागली. यंदा अळी बोंडाच्या आत शिरली, बाहेरून मारलेलं औषध पोचत नाही, म्हणून लोक दोन-दोन औषधं मिसळून मारतात. झाडं एवढी उंच की नळी डोक्यावर धरावी लागते, आणि मारलेलं सगळं आपल्याच तोंडावर येतं. ती हे पाऊसपाण्याबद्दल सांगावं तशा आवाजात सांगत होती. गाणं माझ्या तोंडातून केव्हा गेलं कळलं नाही.

ग्रंथपाल शकील सर पन्नाशीचे, हळू बोलणारे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान बसस्टँडमागे अजून आहे. घराण्यात टेबलामागे बसणारा मी पहिलाच, असं ते म्हणाले, आणि टेबल खरंच आरशासारखं पुसलेलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला चहा घेणार का विचारतात. इथे विचारत नाहीत, चहा समोर येतो, आणि नको म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो. मी दोन कप प्यायले. तिसऱ्याच्या आत त्यांनी कपाटातून एक पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं. पीक संरक्षणाची हस्तपुस्तिका, सुधारित आवृत्ती. मीच नोंदवलेली.

मग त्यांनी संगणकावर माझी नोंद उघडली. नाव बरोबर, लेखक बरोबर, सुधारित आवृत्ती, साल, तळाशी माझं नाव. सगळं माझं. त्याखाली एक लिंक, ती माझी नव्हती. त्यांनी ती दाबली.

"मॅडम, हे पाहा," ते म्हणाले. "हातातलं पुस्तक नवं हाय. कॉम्प्युटरात जुनं उघडून राह्यलं. अन् नोंदीवर नाव तुमचं हाय."

मला एका क्षणात कळलं. वितरकाने स्वतंत्र नोंदी केल्याच नव्हत्या. जिथे पुस्तकाचं नाव जुळलं तिथे माझ्या छापील पुस्तकाच्या नोंदीला आपली लिंक चिकटवून तो मोकळा झाला होता. आवृत्ती जुळते का, हे पाहिलंच नव्हतं. आणि हेही सांगायला हवं की लिंक चिकटवायला जागा मीच ठेवली होती. पुढेमागे संस्थेला उपयोगी पडेल म्हणून प्रत्येक नोंदीत "ई-प्रत" असा एक रिकामा खाना मी मोठ्या हुशारीने करून ठेवला होता.

चोरी म्हणून मी संतापलेच होते. पण शकील सरांच्या चेहऱ्यावर संताप नव्हता, वेगळंच काही होतं. त्यांनी छापील पुस्तकाचं एक पान उघडलं. कापसाचा धडा, काळ्या चौकटीत मजकूर. अमुक दोन औषधं एकत्र करून कधीही फवारू नयेत, श्वासातून आणि कातडीतून विषबाधा होते. मग पडद्यावरचं जुनं पान दाखवलं. तीच दोन औषधं. एकत्र करावीत, परिणाम चांगला मिळतो, असा तक्ता, प्रमाणासकट.

त्यांनी आणखी एक गोष्ट शोधून ठेवली होती. कोणतं ई-पुस्तक कुठून उघडलं गेलं, याची यादी संगणक ठेवतो. हे पुस्तक नेरमध्ये त्यांच्याशिवाय कोणी उघडलं नव्हतं, वणीतही नाही. "झरीत कोणीतरी हेच पान उघडून राह्यलं," ते म्हणाले. "अन् प्रिंट काढली."

आत्ताच्या आत्ता झरीला फोन लावा, मी म्हटलं.

झरीच्या कॉलेजचा फोन बंद. तिथे ग्रंथालयाचा भार एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांकडे होता, मडावी सर. त्यांचा मोबाईल संपर्काच्या बाहेर. शकील सरांनी झरीच्या कृषी कार्यालयात लावला, तिथून कोणीतरी सांगतो बघू म्हणून ठेवून दिला. लिंक काढून टाका, मी म्हटलं. ते म्हणाले, मला फक्त बघायची परवानगी आहे, कॅटलॉगची किल्ली वणीत जोशीबाईंकडे. घरून आलेला डबा त्यांनी उघडला होता, भेंडी आणि रोट. मी दोन घास घेतले आणि उठले.

वणीच्या वाटेवर

यवतमाळला गाडी बदलली. तीच हिरवी भिंत पुन्हा दोन्ही बाजूंना लागली. पण आता मला त्यात माणसं दिसू लागली. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, काहींच्या तोंडाला तेही नाही. उघडे पाय. बांधावर बसून त्याच हातांनी भाकर खाणारे. सकाळी मला यातला एकही माणूस दिसला नव्हता.

गाडीतूनच वितरकाला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी होती. तक्रार नोंदवून घेते म्हणाली. मी म्हटलं तक्रार नको, आत्ता लिंक बंद करा. तिने कोणाला तरी विचारलं आणि परत आली.

"मॅडम, पण नोंद तर तुमचीच आहे ना? आमच्या सिस्टीममध्ये तुमचंच नाव दिसतंय."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. गाडीतली माणसं वळून बघायला लागली आणि एका म्हातारबुवांनी मला खिडकीजवळची जागा दिली.

करंजीच्या फाट्याजवळ चाक पंक्चर झालं. लोक निवांत उतरले, आलूबोंडे आले, कोणीतरी मला कागदावर एक धरून दिला. आमच्याकडे गाडी बंद पडली की कंडक्टरची आई-बहीण निघते, इथे गप्पा निघतात. एरवी मला हे आवडलं असतं. रस्त्यापलीकडच्या वावरात एक माणूस फवारत होता आणि वारा आमच्याकडे होता. गोडसर, कडवट वास आला. मी आलूबोंडा हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाकीचे सगळे खात होते.

वणी

मारेगावनंतर कोळशाचे ट्रक लागले, आणि वणीत पोचेपर्यंत माझी पांढरी ओढणी करडी झाली. कॉलेज सुटायची वेळ होती. जोशीबाई ग्रंथालयाला कुलूप लावत होत्या. साठीला आलेल्या, नीटनेटक्या. आजोबा वकील, वडील तहसीलमध्ये, सगळं घराणं कागदात वाढलेलं. मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी कुलूप उघडलं, मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि नाही म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार होती. ई-पुस्तकं किती, हा आकडा अहवालात गेला होता. "अहो, लिंक काढली की आकडा खाली येते. मग कमिटीपुढे मी काय सांगू? माझी निवृत्ती दोन वर्षांवर आहे," त्या म्हणाल्या. त्यांनाही भीतीच वाटत होती, फक्त वेगळ्या गोष्टीची.

ओरडून काही होणार नाही हे मला दिसलं. मी आयुष्यभर बाजारात जे केलं तेच केलं. समोरच्याला काय हवंय ते बघितलं. म्हटलं, बाई, ई-पुस्तकांचा आकडा खाली नाही येणार, आणि एकूण नोंदी वाढतील. जिथे जुनी आणि नवी आवृत्ती एकाच नोंदीत कोंबली आहे तिथे मी दोन नोंदी करते. छापील पुस्तकाची वेगळी, ई-पुस्तकाची वेगळी, ज्याची त्याची आवृत्ती, ज्याचं त्याचं साल. एकीच्या दोन होतील. समितीला हेच दाखवा. खरं म्हणजे व्हायला हवं होतं तेच हे काम होतं. वितरकाने ज्याचे पैसे घेतले तेच.

त्यांनी उठून खुर्ची मला दिली.

पहिली नोंद मी त्या हस्तपुस्तिकेची सोडवली. जुन्या ई-पुस्तकाच्या नोंदीत सगळ्यात वर लिहिलं, जुनी आवृत्ती, यातील औषधांची प्रमाणे वापरू नयेत, सुधारित आवृत्ती पाहावी. नियमात अशा सूचनेची जागा खूप खाली असते. मी ती वर घातली. मग शेती, औषधं, प्रथमोपचार या विषयांची एक-एक नोंद उघडत गेले, आणि प्रत्येक लिंक दाबण्याआधी हात थांबायचा. अकरा ठिकाणी आवृत्ती चुकलेली निघाली. जोशीबाई शेजारी बसून मला साल वाचून दाखवत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, आम्ही कधी एकही उघडून पाहिलं नाही हो.

जेवायला त्यांनी घरी नेलं. पाटवडीचा झणझणीत रस्सा होता, वर बचकभर सांबार. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मडावी सरांचा फोन अजून बंदच होता. पडद्यावरचं पान मी बदललं होतं. झरीत छापून काढलेला कागद इथून बदलता येत नव्हता.

झरी जामणी

सकाळी स्टँडवर जीप ठरवली. आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातं. बबलूभाऊ नावाचा तो जीपवाला अव्वाच्या सव्वा सांगत होता, आणि मला राग आला. परक्या बाईला बघून भाव वाढवतो, असं वाटलं. मी घासाघीस केली, दुसऱ्या जीपकडे जाते असं दाखवलं, परत आले. शेवटी माझ्या भावात तो तयार झाला. अर्धा तास गेला. मी जिंकल्यासारखी जीपमध्ये चढले.

मुकुटबन मागे पडलं आणि जंगल सुरू झालं. साग, मोह, मध्येच झाडं तोडून केलेलं वावर, त्यात तोच उंच कापूस. माणूस दिसेना. मी बबलूभाऊंना सारखी घाई करत होते.

"काहून एवढा जीव खाऊन राह्यल्या ताई? कोनी बिमार हाय का तिकडं?"

मी म्हटलं, माहीत नाही. तेवढं ऐकून त्याने गाडी खरंच पळवली.

मडावी सर कॉलेजच्या व्हरांड्यात भेटले. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, फोन दुरुस्तीला टाकलेला. कृषी कार्यालयातून कोणी आलं नव्हतं. मी कागदाचं विचारलं तर त्यांचा चेहरा उजळला. हो मॅडम, मीच काढला. आमच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या कोलाम वस्तीवर, दुकानदार काय वाटेल ते मिसळून देतो, लोकांना डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून पुस्तक शोधून, सुधारित आवृत्ती आहे याची खात्री करून, त्यांनी तक्ता मोठ्या अक्षरांत छापला, खाली कोलामीत समजावून लिहिलं आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लावला. मी त्यांना शकील सरांनी दिलेली काळ्या चौकटीची झेरॉक्स दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. मग जीपकडे धावले.

पोड तीन-चार किलोमीटरवर. सारवलेल्या भिंतीवर कागद होता, पावसाने भिजू नये म्हणून वर प्लास्टिक लावलेलं. त्यांनी तो ओढून फाडला. त्यांच्या आईने आम्हाला पाहून भाकर आणि आंबाडीची भाजी पुढे केली. आंबाडी वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे फवारलेल्या कापसाच्या बांधावरची, मी विचारलं तेव्हा कळलं. मी ताट बाजूला सारलं. म्हातारीला वाटलं, शहरातल्या बाईला आमचं अन्न चालत नाही. तसं नव्हतं, पण समजावायला वेळ नव्हता. सरांनी आईला आपल्या भाषेत काही विचारलं. तिने रानाकडे हात केला. धाकटा भाऊ लक्ष्मण कागदावरची दोन औषधं मिसळून नुकताच पंप घेऊन गेला होता. नुकताच म्हणजे अर्धा तास झाला असेल.

अर्धा तास.

कापसात शिरलो आणि आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. पानं तोंडावर ओली लागत होती आणि ती दवाने ओली होती की औषधाने, ते कळत नव्हतं. मी ओढणी नाकाला लावली. पंपाच्या दांड्याचा आवाज येत होता, खटक, खटक, डावीकडून की समोरून ते समजेना. सर भावाच्या नावाने हाका मारत होते. मग आवाज थांबला, आणि तो चालू होता तेव्हापेक्षा मला जास्त भीती वाटली.

तो मोहाच्या झाडाखाली बसलेला सापडला. पंप पाठीवरच. तोंडातून लाळ, डोळ्यांतून धार, हात थरथरत होते. सरांनी पट्टे सोडले, बबलूभाऊंनी स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचा कॅन त्याच्या अंगावर रिकामा केला, शर्ट फाडून काढला. मी जुन्या पुस्तकातल्या दोन्ही औषधांची नावं कागदावर लिहून घेतली, डॉक्टरांना सांगायला. जीपमध्ये लक्ष्मणचं डोकं भावाच्या मांडीवर होतं. तो सारखा कोण आहे, कोण आहे विचारत होता. सर सांगत होते, मी आहे.

नावं माहीत होती म्हणून उपचार लगेच सुरू झाले, असं झरीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. दुपारी त्याला यवतमाळला हलवलं.

यवतमाळ

तीन दिवस मी यवतमाळातच राहिले. लक्ष्मण वाचला. श्वास नीट झाला, थरथर थांबली. डोळ्यांचं सांगता येत नाही. मी निघाले त्या दिवशी त्याला खिडकीचा उजेड कळत होता, माणूस उभा आहे हे कळत होतं, कोण आहे ते कळत नव्हतं. बबलूभाऊ दोनदा येऊन बघून गेला. त्याने माझ्याकडून परतीच्या फेऱ्यांचं काही घेतलं नाही, आणि मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, राहू द्या ताई, तुमी लय भाव करता. हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

निघताना मडावी सर व्हरांड्यात माझ्याशेजारी बसले. रागावलेले नव्हते. वर्गात एखादा मुलगा खरंच समजून घ्यायला विचारतो तसं त्यांनी विचारलं.

"मॅडम, मी नाव पाहिलं, साल पाहिलं, सुधारित लिहिलं होतं तेही पाहिलं. मी अजून काय पाहाले पाहिजे होतं?"

काहीच नाही, हे खरं उत्तर आहे. जे पाहायचं असतं ते सगळं त्यांनी पाहिलं होतं.

परत आल्यावर वितरकाचं पत्र आलं. तांत्रिक त्रुटी दूर केली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, खाली सही नाही. रिकामा खाना मी ठेवला, अर्धा तास मी घालवला, या दोन्हींचा जाब मी पुन्हा झरीला, मडावी सरांच्या घरी जाऊन, त्यांच्या आईसमोर बसून दिला आहे. आता पाळी तुमची, पत्र पाठवणाऱ्यांची. पुस्तक उघडून न बघता नुसतं नाव जुळवा, असं तुमच्या कचेरीत कोणी ठरवलं? माझं नाव तसंच राहू द्या, असं कोण म्हणालं? त्या माणसाचं नाव मला हवं आहे. पत्र नको, दिलगिरी नको. त्याने वणीची गाडी धरावी, तिथून झरीला जावं, पोडावर मडावी सरांच्या ओट्यावर बसावं आणि लक्ष्मणला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.